खाडीकाठची नगराची जमीन आणि घरांचा प्रश्न

बंदराच्या आश्रयाने वाढलेल्या बहुतेक शहरांत एक काळ असा येतो की, ज्या उद्योगांसाठी पाण्याकाठची जमीन मोलाची मानली गेली होती ते उद्योगच तेथून निघून जातात. लाकडाच्या वखारी, गोद्या, रेल्वेची मालधक्क्याची आवारे, जहाजदुरुस्तीचे कारखाने यांना जुनी जागा अपुरी पडू लागते. मोठी जहाजे खोल पाण्याकडे वळतात आणि माल रेल्वेऐवजी मोटारट्रकने जाऊ लागतो. मागे उरते ती शहराच्या अगदी मध्याजवळची, तेलाने व राखेने माखलेली, पण पाण्याला लागून असलेली जमीन. ती खाजगी मालकाची असेल तर तिचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न एका परीने सोपा असतो. मालक योजना आणतो आणि नगरपरिषद नियमांच्या चौकटीत तिला संमती देते किंवा नाकारते. जमीन खुद्द शहराचीच असेल तर मात्र नगरपरिषदेला एकाच वेळी दोन आसनांवर बसावे लागते. मालक तीच असते आणि नियम करणारीही तीच असते. मालक या नात्याने तिने जमिनीचे पुरेपूर मोल वसूल करावे, असे करदात्यांना वाटते. नियोजनकर्ती या नात्याने तिने सर्व थरांतील लोकांच्या निवाऱ्याचा विचार करावा, अशीही तिच्याकडून अपेक्षा असते. या दोन अपेक्षांचा मेळ कसा घालावयाचा, हाच अशा प्रत्येक चर्चेचा गाभा होय.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूवर या शहराचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तेथे एकाच लहानशा खाडीच्या काठी गेल्या पन्नास वर्षांत सार्वजनिक जमिनीबाबत तीन अगदी वेगळे निर्णय घेतले गेले. एका काठाची जमीन शहराने भाडेपट्ट्याने दिली, समोरच्या काठाची प्रांतिक सरकारने एकगठ्ठा विकली, आणि तिसऱ्या टोकाची जमीन शहराने विकावयास काढली व त्या व्यवहारात ते स्वतःच सावकार होऊन बसले. तिन्ही निर्णयांचे परिणाम आज एकमेकांसमोर उभे आहेत. पाण्याकाठच्या पायवाटेने निघालेला मनुष्य ते सारे एका सकाळी पाहू शकतो.

या खाडीचे नाव फॉल्स क्रीक, म्हणजे फसवी खाडी. १८५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमारातील कॅप्टन रिचर्ड्स याने या किनाऱ्याची पाहणी केली, तेव्हा हा जलमार्ग पुढे कोठेतरी निघेल अशी त्याची समजूत झाली होती. तो आतच संपतो असे आढळल्यावर त्याने हे नाव दिले. १८८६ साली व्हँकूवर शहराची रीतसर स्थापना झाली. पुढे लोहमार्ग आला आणि कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनीला प्रांतिक सरकारकडून हजारो एकर जमीन मिळाली. खाडीच्या दोन्ही काठांवर लाकूड कापण्याच्या गिरण्या, पिंपे व दोर बनविणारे कारखाने, रेल्वेची आवारे उभी राहिली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास खाडीचे पूर्वेकडील टोक भराव टाकून बुजविण्यात आले व तेथे रेल्वेची अंत्यस्थानके बांधण्यात आली. त्याच काळात एका वाळूच्या दांड्यावर गाळ टाकून ग्रॅनव्हिल बेट हे कृत्रिम बेट तयार झाले आणि तेही कारखान्यांनी भरून गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर हे उद्योग हळूहळू ओसरू लागले. पाणी घाण झाले होते आणि भुशाचा धूर गावावर पसरत असे. ही खाडी पूर्णपणे बुजवून टाकावी, असाही विचार एके काळी गंभीरपणे मांडला गेला होता.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण काठाची मालकी बदलली. रेल्वे कंपनी, प्रांतिक सरकार आणि शहर यांच्यात जमिनींची जी अदलाबदल झाली तीतून सुमारे ८० एकरांची ही पट्टी शहराच्या हाती आली. हा व्यवहार घडला तेव्हा त्यातून पुढे काय निघेल याची फारशी कोणाला कल्पना नसावी. कारखान्यांचे जुने पट्टे अजून चालू होते. या जमिनीवर पुन्हा उद्योगच आणावेत, असे एक मत होते. सगळीच जागा उद्यानासाठी मोकळी ठेवावी, असे दुसरे होते. तेथे घरे बांधावीत हा तिसरा पक्ष आरंभी दुबळा होता, कारण गिरण्यांच्या शेजारी, दुर्गंधीयुक्त पाण्याकाठी कोण राहावयास जाईल, असे साध्या व्यवहारज्ञानाने विचारले जात असे.

येथे व्हँकूवरच्या नगरपरिषदेची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. या शहराचा कारभार प्रांतिक विधिमंडळाने केलेल्या एका स्वतंत्र सनदेनुसार चालतो. परिषदेत महापौर व दहा सदस्य असतात आणि ते प्रभागांतून न येता संपूर्ण शहरातून निवडले जातात. त्यामुळे एखाद्या वस्तीचा स्वतःचा असा प्रतिनिधी परिषदेत नसतो. वस्तीला आपले म्हणणे मांडावयाचे तर नागरिकांनी सभागृहात येऊन स्वतः बोलावे लागते. महत्त्वाच्या विषयांवर परिषद अशी निवेदने ऐकते. प्रत्येकास काही मिनिटे मिळतात, आणि बोलणारे पुष्कळ असले तर ते काम अनेक दिवस चालते. ही पद्धत लोकशाहीला धरून आहे यात शंका नाही. तिची मर्यादा कोणती, याचा विचार पुढे करावयाचा आहे.

१९६० च्या दशकात शहराच्या मध्यभागातून द्रुतगती महामार्ग नेण्याची एक योजना निघाली होती. तीत चिनी वस्तीचा व तिच्या शेजारच्या स्ट्रॅथकोना भागाचा मोठा हिस्सा पाडला जाणार होता. रहिवाशांनी कडवा विरोध केला आणि तो महामार्ग झाला नाही. त्या चळवळीच्या वातावरणातून १९६८ साली ‘टीम’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जाणारा एक नवा नागरी पक्ष उदयास आला. त्यात प्राध्यापक, वास्तुशास्त्रज्ञ, व्यावसायिक अशी मंडळी होती. १९७२ च्या अखेरच्या निवडणुकीत या पक्षाला परिषदेत बहुमत मिळाले व आर्ट फिलिप्स हे महापौर झाले. विद्यापीठात भूगोल शिकविणारे वॉल्टर हार्डविक त्याआधीपासूनच परिषदेत होते आणि फॉल्स क्रीकचा प्रश्न त्यांनी अभ्यासपूर्वक लावून धरला होता. काठावर घरेच बांधावीत, पण ती केवळ श्रीमंतांची असू नयेत, अशी या गटाची भूमिका होती.

या भूमिकेतून जे सूत्र निघाले ते ऐकावयास फार सोपे होते. वस्तीतील घरांचा एक तृतीयांश भाग अल्प उत्पन्नाच्या, एक तृतीयांश मध्यम उत्पन्नाच्या आणि एक तृतीयांश अधिक उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ठेवावयाचा. महानगर प्रदेशातील लोकसंख्येत ज्या प्रमाणात हे थर आहेत साधारण त्याच प्रमाणात ते येथेही दिसावेत, असा त्यामागील विचार होता. वयाच्या बाबतीतही वस्ती मिश्र असावी आणि मुले असलेल्या कुटुंबांना तेथे जागा मिळावी, असे ठरले. शहराच्या वेस्ट एंड भागात त्याआधी उत्तुंग इमारतींची गर्दी झाली होती व तिच्याविषयी लोकांत नाराजी होती. म्हणून येथील इमारती ठेंगण्या, टप्प्याटप्प्याने उतरणाऱ्या आणि चौकाभोवती मांडलेल्या अशा आखण्यात आल्या. पाण्याची कड मात्र कोणाच्याच वाट्याला द्यावयाची नाही, ती सर्वांसाठी खुली पायवाट म्हणून ठेवावयाची, हेही ठरले.

हा आराखडा बिनविरोध मान्य झाला असे नाही. पाण्याकाठची जमीन शहरात पुन्हा मिळणार नाही, मग ती बाजारभावाने का देऊ नये, हा मुख्य आक्षेप होता. अल्प उत्पन्नाच्या शंभर कुटुंबांना खाडीचे दृश्य देण्यापेक्षा तोच पैसा अन्यत्र खर्च केला तर त्यात अधिक कुटुंबांची सोय होईल, असा हा युक्तिवाद होता. हिशेबाच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. तरी त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. शहराचे चांगले भाग पैशाने वाटले जावेत आणि उरलेले भाग दयेने, ही ती गोष्ट. फिलिप्स व हार्डविक यांच्या परिषदेने हे गृहीतच नाकारले. त्यांना अनुकूल काळही लाभला. १९७३ साली कॅनडाच्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी गृहरचना संस्थांना केंद्र सरकारचे कर्जसाहाय्य मिळू लागले. शहराची जमीन, केंद्राचे कर्ज आणि रहिवाशांची सहकारी संस्था ही तीन अंगे जुळून आली नसती तर ते एकतृतीयांशाचे सूत्र कागदावरच राहिले असते. १९७६ पासून कुटुंबे तेथे राहावयास येऊ लागली. शेजारचे ग्रॅनव्हिल बेट केंद्र सरकारचे होते. तेथील जुन्या कारखान्यांच्या छपरांखाली १९७९ साली सार्वजनिक बाजार उघडला आणि ज्या काठाकडे कोणी वळत नसे तेथे गर्दी लोटू लागली.

परिषदेने घेतलेला सर्वांत दूरगामी निर्णय मात्र इमारतींच्या उंचीचा किंवा उत्पन्नाच्या प्रमाणाचा नव्हता. जमीन विकावयाची नाही, ती साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची, हा तो निर्णय. भाडेपट्ट्याची पद्धत आपल्या वाचकांना अपरिचित नाही. मुंबईसारख्या शहरात सुधार न्यास आणि बंदर न्यास यांनी दीर्घ मुदतीने दिलेल्या जमिनी पुष्कळ आहेत व त्यांच्या नूतनीकरणाचे वादही जुनेच आहेत. फॉल्स क्रीकच्या दक्षिण काठावर सहकारी संस्था, ना-नफा संस्था आणि सदनिका विकत घेणारी कुटुंबे या सर्वांना असेच पट्टे देण्यात आले. सदनिका घेणारास भिंती व छप्पर यांचा उपभोग मिळाला, खालची जमीन शहराकडेच राहिली. एका पिढीने केलेल्या निवडीत पुढची पिढी कायमची अडकू नये, साठ वर्षांनी शहराला पुन्हा विचार करता यावा, असा हेतू त्यात होता. हेतू शहाणपणाचा होता. परंतु साठ वर्षे संपतील तेव्हा तेथे राहणाऱ्यांचे काय करावयाचे, याचा स्पष्ट उलगडा कोणी करून ठेवला नाही. १९७५ साली २०३६ हे वर्ष फार दूरचे वाटले असले पाहिजे.

याच १९७५ साली परिषदेने आणखी एक व्यवस्था केली. शहराच्या मालकीच्या जमिनींचा एक स्वतंत्र स्थावर निधी निर्माण करण्यात आला. या जमिनी किरकोळीने विकून चालू खर्च भागवू नये, त्या एखाद्या विश्वस्त निधीप्रमाणे सांभाळाव्यात व त्यांपासून शहराला कायम उत्पन्न मिळावे, अशी ती कल्पना होती. म्हणजे ज्या परिषदेने दक्षिण काठावर बाजारभावाचा आग्रह सोडला, त्याच परिषदेने जमिनीपासून उत्पन्न मिळविणारे खातेही उभे केले. त्या वेळी यात कोणालाच विसंगती दिसली नाही. पुढे पट्ट्यांची मुदत जवळ आली तेव्हा ही दोन उद्दिष्टे समोरासमोर आली.

समोरच्या उत्तर काठाची कथा थोडक्यात सांगता येईल. तेथील रेल्वेची जमीन प्रांतिक सरकारने घेतली व तीवर १९८६ साली ‘एक्स्पो ८६’ हे जागतिक प्रदर्शन भरविले. प्रदर्शन संपल्यावर १९८८ मध्ये सुमारे २०४ एकरांची ही जागा हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्याशी संबंधित असलेल्या कॉन्कॉर्ड पॅसिफिक या कंपनीला ३२ कोटी कॅनेडियन डॉलरला विकण्यात आली. एवढी मोठी जागा एकाच खरेदीदाराला देण्यावर फार टीका झाली. येथे शहर मालक नव्हते, पण नियम करण्याचा अधिकार त्याच्याकडे होता आणि तो त्याने बऱ्यापैकी वापरला. उद्याने, पाण्याकाठची पायवाट, समाजकेंद्र, पाळणाघरे यांची तजवीज विकासकाकडून करून घेण्यात आली. घरांपैकी २० टक्के घरे अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी असावीत म्हणून भूखंडही राखून ठेवण्यात आले. परंतु ती घरे बांधावयाची कोणाच्या पैशाने? १९९३ नंतर केंद्र सरकारने नव्या सामाजिक गृहयोजनांना पैसे देणे थांबविले, आणि राखीव भूखंडांपैकी कित्येक वर्षानुवर्षे कुंपणाआड मोकळे राहिले. भोवती काचेच्या उंच इमारती मात्र झपाट्याने उभ्या राहिल्या. राखीव जागा आणि राखीव निधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियोजनाच्या चर्चेत पहिलीचा उल्लेख नेहमी होतो, दुसरीचा क्वचितच.

खाडीच्या आग्नेय टोकाची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे, आणि नगरपरिषदांच्या कारभाराचा अभ्यास करणाराने ती बारकाईने पाहावी अशी आहे. येथील जमिनीचा मोठा भाग शहराच्याच मालकीचा होता. २००३ साली व्हँकूवरला २०१० च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांचे यजमानपद मिळाले आणि खेळाडूंचे निवासस्थान या ठिकाणी बांधावयाचे ठरले. सामने संपल्यावर त्या इमारती घरे म्हणून वापरावयाच्या होत्या. २००५ साली मंजूर झालेल्या आराखड्यात दक्षिण काठाचे जुने सूत्र, म्हणजे तीन थरांना एकेक तृतीयांश, पुन्हा स्वीकारलेले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस निवडणूक झाली, परिषदेतील बहुमत बदलले, आणि २००६ च्या आरंभी नव्या परिषदेने परवडणाऱ्या घरांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आणले. शहराच्या तिजोरीवर त्या सूत्राचा भार फार पडेल, असे कारण देण्यात आले. भूखंड मिलेनियम या विकासकाला १९ कोटी ३० लाख डॉलरला देण्याचे ठरले.

पुढे जे घडले ते पाहता तिजोरीच्या काळजीचे हे कारण काहीसे विचित्र वाटते. विकासकाने बांधकामासाठी न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूक कंपनीकडून कर्ज काढले होते. २००८ च्या जागतिक आर्थिक अरिष्टात त्या कंपनीने पैसे देणे थांबविले. सामने तर ठरल्या दिवशी व्हावयाचेच होते. ऑक्टोबर २००८ मध्ये परिषदेने बंद दाराआड बैठक घेऊन विकासकाला १० कोटी डॉलरपर्यंत साहाय्य देण्याचा निर्णय केला. ही बातमी बाहेर फुटली आणि पुढच्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत सत्तारूढ पक्षाचा पराभव झाला. पैशाची गरज मात्र तशीच राहिली. व्हँकूवरच्या सनदेनुसार एवढे मोठे कर्ज काढावयाचे तर मतदारांचा कौल घेणे आवश्यक होते आणि त्यासाठी वेळ नव्हता. जानेवारी २००९ मध्ये प्रांतिक विधिमंडळाने तातडीच्या अधिवेशनात सनद दुरुस्त केली. सुमारे ४५ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत कर्ज कौल न घेता उभारण्याची मुभा शहराला मिळाली आणि शहराने सावकाराची जागा घेतली.

सामने पार पडले. सदनिका मात्र अपेक्षेप्रमाणे विकल्या गेल्या नाहीत, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये सारा प्रकल्प रिसीव्हरच्या ताब्यात गेला. शहराने स्वतःसाठी बांधवून घेतलेल्या २५२ परवडणाऱ्या घरांचा खर्च इतका वाढला होता की, त्यांपैकी निम्मी घरे बाजारभावाच्या भाड्याने द्यावीत असे परिषदेने २०१० मध्ये ठरविले. एप्रिल २०१४ मध्ये उरलेल्या सदनिका ९ कोटी १० लाख डॉलरला एकाच समूहाला विकण्यात आल्या आणि कर्ज पूर्णपणे फिटल्याचे शहराने जाहीर केले. जमिनीच्या ठरलेल्या किमतीचा मोठा भाग मात्र कधीच हाती आला नाही. आज ही वस्ती सुंदर आहे, वर्दळीची आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अल्प उत्पन्नाच्या घरांसाठी शहराने जोखीम घेऊ नये म्हणून प्रमाण कमी करण्यात आले, आणि अखेरीस अधिक उत्पन्नाच्या घरांची सगळी जोखीम शहराच्याच माथी आली, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

आता पुन्हा दक्षिण काठाकडे वळू. भाडेपट्ट्याची मुदत संपते ती एका दिवशी, पण तिचा परिणाम बराच आधी जाणवू लागतो. कॅनडात गृहकर्जाची फेड साधारणपणे २५ वर्षांच्या हिशेबाने केली जाते. पट्ट्याची तेवढीही वर्षे उरली नाहीत की बँका कर्ज देण्यास कां-कूं करू लागतात. सदनिका विकावयास काढणाराला गिऱ्हाईक मिळत नाही, कारण गिऱ्हाइकाला कर्ज मिळत नाही. सहकारी संस्थेची अडचण याहून निराळी. तिचा सदस्य घर विकत नसतो, तो मासिक आकार भरून राहतो. परंतु चाळीस वर्षांच्या इमारतीला छप्पर, नळ, बाहेरच्या भिंती यांची मोठी दुरुस्ती लागते, आणि त्यासाठी कर्ज काढावयाचे तर सावकार विचारतो की, पट्टा किती वर्षांचा उरला? अशा रीतीने २०३६ साली भेडसावणारा प्रश्न २०१० च्या सुमारासच दारात येऊन उभा राहिला. साठीसत्तरीतल्या रहिवाशांना आपले उरलेले आयुष्य येथे जाईल की नाही हे सांगता येईना.

रहिवाशांनी स्वतःची समिती नेमून वस्तीत आणखी घरे कोठे व कशी बसविता येतील याचा अभ्यास केला, ही गोष्ट त्यांच्या श्रेयाची आहे. वस्ती दाट करण्यास त्यांचा सरसकट विरोध नव्हता. आहे त्या लोकांना न उठविता ती दाट करावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. २०१८ साली परिषदेने या भागासाठी काही तात्पुरती नियोजनतत्त्वे मान्य केली. त्यानंतर काम रेंगाळले. २०२१ मध्ये शहराच्या स्थावर मालमत्ता विभागाने जमीनमालकाच्या भूमिकेतून एक आराखडा परिषदेपुढे ठेवला. शहराच्या जमिनीवर त्या वेळी १,८४९ घरे होती. ती काही दशकांत ६,६४५ करावयाची, असा प्रस्ताव होता. पाण्याकाठच्या जुन्या इमारतींच्या जागी नव्या व उंच इमारती यावयाच्या होत्या आणि सहकारी संस्थांतील पुष्कळांना मागे, वर्दळीच्या सहाव्या मार्गालगत नव्या घरांत हलवावयाचे होते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये या प्रस्तावावर परिषदेसमोर दीडशेहून अधिक नागरिक बोलले. बहुतेकांचा सूर विरोधाचा होता. सुतार, परिचारिका, शिक्षक, निवृत्त मंडळी, येथेच लहानाची मोठी झालेली मुले एका पंक्तीत राहू शकतात याचा हा काठ जिवंत पुरावा असताना, मालकाने पाण्याचा काठ श्रीमंतांकडे व रस्त्याचा काठ इतरांकडे का द्यावा, हा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. या आक्षेपात तथ्य होते. १९७० च्या दशकातील परिषदेने जे गृहीत नाकारले होते तेच आराखड्याच्या मांडणीतून परत आत येत होते, आणि ते आणणारा विभाग जमिनीच्या उत्पन्नाचा हिशेब ठेवणारा होता.

तथापि दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहावयास हवी. ८० एकर जागेत, शहराच्या मध्याला लागून, १,८४९ घरे ही फारच थोडी आहेत. व्हँकूवरमध्ये घरांचे भाव व भाडी सामान्य मिळकतीच्या आवाक्यापलीकडे गेलेली असताना सार्वजनिक जमिनीवर इतकी विरळ वस्ती ठेवणे हा देखील एक प्रकारचा विशेषाधिकारच होय, मग तेथील रहिवासी श्रीमंत असोत वा नसोत. निवेदनांची पद्धत या ठिकाणी अपुरी पडते. जे तेथे राहतात ते सभागृहात येऊन बोलतात. वाढीव ४,७९६ घरांत जी कुटुंबे राहावयास आली असती त्यांना तोवर नावगाव नसते. ती उपनगरांत विखुरलेली असतात, काही तर अजून शहरात आलेलीही नसतात. त्यांच्या वतीने बोलणारे थोडेफार लोक आले होते, पण बोलणारांच्या संख्येवरून प्रश्नाचे वजन ठरविले तर अनुपस्थितांचे पारडे नेहमीच हलके राहणार. परिषदेच्या सदस्यांनी हे पारडे स्वतःच्या हाताने तोलावयाचे असते. सर्व शहरातून निवडून येण्याची जी पद्धत व्हँकूवरने राखली आहे तिचे समर्थन करावयाचे झाल्यास ते एवढ्याच आधारावर करता येईल.

परिषदेने तो आराखडा आहे तसा स्वीकारण्यास एकमताने नकार दिला. मालक म्हणून शहराचे काम व नियोजनकर्ते म्हणून शहराचे काम ही एकमेकांपासून वेगळी ठेवावीत आणि वस्तीचे नियोजन रहिवाशांसह नेहमीच्या मार्गाने व्हावे, अशी दिशा तिने दिली. निर्णय योग्य होता असे प्रस्तुत लेखकास वाटते. मात्र त्याने घरांची संख्या वाढली नाही, आणि पट्ट्याचे एक वर्षही वाढले नाही.

दरम्यान खाडीच्या मुखाशी, याच काठाच्या पश्चिम टोकाला लागून, एक चौथा मालक पुढे आला होता. तेथे सेनाक्व हे स्क्वॉमिश लोकांचे गाव होते. १९१३ साली प्रांतिक सरकारने दबाव आणून त्या कुटुंबांना पडावांत बसवून दूर पाठविले. न्यायालयात दीर्घकाळ झगडल्यावर २००३ च्या सुमारास त्या भूमीपैकी सुमारे साडेदहा एकरांचा तुकडा स्क्वॉमिश राष्ट्राला परत मिळाला. २०१९ मध्ये या समाजाने मतदान घेऊन तेथे सुमारे ६,००० घरांच्या उंच इमारती उभारण्याच्या प्रकल्पाला मोठ्या बहुमताने संमती दिली. यातील बहुतेक घरे भाड्याची. ही त्यांची राखीव भूमी असल्यामुळे शहराचे उंचीचे व घनतेचे नियम तिला लागू नाहीत. पाणी, मलनिस्सारण, रस्ते यांविषयी २०२२ मध्ये शहराशी करार झाला आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने प्रकल्पाला १४० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. साडेदहा एकरांत ६,००० आणि ८० एकरांत १,८४९ हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की, नगरपरिषदेतील सदस्यांना त्यानंतर कोणत्या प्रश्नाला तोंड द्यावे लागत असेल याची वाचकाला कल्पना यावी.

मूळ करारांप्रमाणे दक्षिण काठावरील पहिल्या पट्ट्यांची मुदत २०३६ मध्ये संपावयाची असून बाकीचे त्यापुढील दहा वर्षांत क्रमाक्रमाने संपतात. १९७६ साली पाच वर्षांचे मूल म्हणून जो त्या घरात आला तो तेव्हा पासष्ट वर्षांचा असेल.